पंचे धुणारा नवरा

अख्ख्या इचलकरंजीत बायकोचे पंचे स्वतःच्या हातानं धुणारा नवरा एकच होता, आन् तो आता कळंब्याच्या जेलात हाय.

सतीश डाके त्याचं नाव. त्याच्या वडलांच्या कारखान्यात मी जॉबर. जॉबर म्हंजे माग दुरुस्त करणारा. मागाचा डॉक्टर म्हणा. फक्त आमचा पेशंट लोखंडाचा, आन् शिव्या दिल्याशिवाय बरा होत न्हाई. शंकरअण्णा, म्हंजे सतीशचे वडील, माणूस देव होता. तो गेला आन् आठ जुने माग पोराच्या नावावर झाले. नावावर झाले एवढंच. चालवायची त्याची बायको, राजश्रीवैनी.

लग्न होऊन आली तवा कांड्या भरायला बसली. कांडी म्हंजे धोट्यातली सुताची गुंडाळी, ती भरून देईल तसा माग पळतो. पुढं कामगार कमी झाले तशी ती माग पण चालवाय लागली. डोक्याला पंचा, गळ्यात पंचा. शेडात उन्हाळ्यात काय उकडतं ते आत उभं ऱ्हायल्याशिवाय कळायचं न्हाई. केसावर, भुवईवर, पापणीवर कापसाची फूस. संध्याकाळी बाहेर आली की म्हातारी झाल्यागत दिसायची, तोंड धुतलं की परत पोरगी.

आन् दारात सतीश उभा. "दे तो पंचा. मी धुतो. तू दमलीस."

रोज. सहा वर्षं. जुना पंचा घ्यायचा, घडी घातलेला कोरडा द्यायचा. आमच्या गल्लीत बायकांचा जीव जळायचा. माझी बायको शमीम मला म्हणायची, "बघा जरा. कधी आमचा रुमाल तरी धुतलाय काय?" मी म्हणायचो, "तो मालक हाय, त्याला येळ हाय." पण आतनं मलाबी वाटायचं, बाकी सतीश कसाबी असू दे, बायकोवर माया हाय गड्याची.

आता ह्या पंच्याचं पुढं काय झालं ते कळायला घाममोजणी म्हंजे काय ते सांगाय पायजे.

तुम्हाला ठाऊकच हाय, कापडाचं काय झालं ते. माणूस नसलेले कारखाने आले. आत दिवा पण लावत न्हाईत. मशीनला कशाला दिवा? सूत आत जातं, थान बाहेर येतं, मधी कुणी शिंकत सुद्धा न्हाई. कापड पाण्यागत स्वस्त झालं. आन् कापड स्वस्त झाल्यावर पैसेवाल्यांना नवीन खूळ सुचलं: आम्हाला माणसाचा हात लागलेलं कापड पायजे. हातमागाच्या लुगड्याला सोन्याचा भाव आला. मग काय, मशीनचं कापड हातमागाचं म्हणून विकणारे पैदा झाले. म्हणून सरकारनं कापडाचा घाम मोजायला सुरुवात केली.

हे मला लई मागनं, मोजणी होऊन गेल्यावर, सरकारी प्रयोगशाळेतल्या पल्लवी मॅडमनी समजावून सांगितलं. पोरगी सरळ होती, मला खुळ्यात काढलं न्हाई. म्हणली, "मामा, तुमच्या कातडीवर जंतूंचं एक गाव वसलेलं असतं. डोळ्याला न दिसणारं. माझ्या कातडीवर वेगळं गाव. जगात दोन माणसांची गावं अगदी सारखी नसतात."

"जुळ्यांची?"

"जुळ्यांचीपण नसतात. तुम्ही घामेजलात की त्या गावातली काही मंडळी घामाबरोबर सुतात उतरतात. तिथं मरतात, पण त्यांचे अवशेष धाग्याच्या आत अडकून राहतात. आमचं यंत्र ते अवशेष वाचतं आणि सांगतं, हे गाव कुणाचं. अवशेष हळूहळू झिजतात, त्यावरून किती जुने तेही कळतं."

"आन् बाटलीत भरून घाम शिंपडला तर?"

ती हसली. "तेही कळतं. हात लागला की घाम दाबून बसतो, इथं जास्त, तिथं कमी. शिंपडला की सगळीकडं सारखा. शिवाय घाम चिकट असतो. जिथं गळला तिथली धूळ, तिथलं तेल, सगळं घेऊन जातो."

सतीश त्यातच सापडला. मशीनचं कापड ट्रक भरून आणायचा, कुठंतरी गोडाऊनमधी घामाचं पाणी फवारायचा आन् हातमागाच्या एका सोसायटीचं लेबल लावून परदेशी धाडायचा. बंदरावर कुणीतरी बघितलं, ह्या कापडाचा घाम भिंतीला चुना मारावा तसा एकसारखा. झालं. सोसायटीचं नाव बुडालं, ऑर्डरी गेल्या, खऱ्या विणकरांचे हातमाग बंद पडले. सतीशला नऊ वर्षं सक्तमजुरी. कोर्टानं इचारलं, घाम कुणाचा? म्हणला, "पुण्यातल्या एका जिममधनं बाटल्या आणायचो." गुन्हा शाबीत झालाच होता, मग घामवाल्याला कोण हुडकत बसतंय? बंगला जप्त, गाडी जप्त. शेडाच्या दारावर पण कागद चिकटला. कोर्टानं त्या जप्तीचा निकाल लागेस्तवर माग चालवायची परवानगी तेवढी दिली.

वैनी मला म्हणली, "मामा, वकिलाकडं चला माझ्यासंगं. मला सोडचिठ्ठी पायजे."

वकीलबाई हेरवाडे. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं सुरीगत. म्हणली, "नवरा जेलमध्ये गेला म्हणून लग्न आपोआप मोडत नाही, राजश्रीताई. कोर्ट विचारेल, तुमचं काय बिघडलं? आणि दुसरं. माग त्यांच्या नावावर आहेत. गुन्ह्यातल्या माणसाची मालमत्ता फसवलेल्या लोकांच्या भरपाईला जाते. हातमाग सोसायटीनं दावा लावलेलाच आहे."

"माग अण्णांनी घेतलेत. चोरीचे न्हाईत. चालवले मी."

"म्हणूनच नवीन कायदा आहे, श्रमवाट्याचा. नवरा-बायकोतल्या एकानं गुन्हा केला, तरी दुसऱ्यानं कष्टानं जे उभं केलं किंवा चालवलं, त्यातला त्याचा वाटा जप्त करता येत नाही. पण कष्ट सिद्ध करावे लागतात."

"गल्लीला इचारा की."

"गल्लीला विचारून चालायचं असतं तर कोर्टं कशाला हवीत? घाममोजणी होईल. मागांवर, कांड्यांवर, शेडमध्ये तुमचा किती घाम आहे ते बघतील." मग चष्म्यावरनं बघत म्हणली, "आणि एक गोष्ट स्पष्ट सांगा. हा घटस्फोट खरा आहे ना? कारण सतीशरावांनी जेलमधून लगेच कळवलंय, माझी हरकत नाही, माग तिला द्या. असं उदार होऊन नवरा देतो तेव्हा सरकारी वकील म्हणतो, हे नाटक. कागदावर वेगळे व्हायचं, माल वाचवायचा, सुटून आला की परत संसार."

वैनीनं टेबलावरची फाईल सरळ केली. मग म्हणली, "खरा हाय." पण मला वाटलं, आवाज जरा डुगडुगला. सहा वर्षांचे पंचे होते की मधी.

मोजणीची तारीख आली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

आता आमच्यात खंडेनवमीला काय करतात ते सांगतो. त्या दिवशी माग बंद. हत्यारं धुवायची, मागाला हार घालायचा, नारळ फोडायचा. जात-धर्म इचारत न्हाई कुणी, पान्हा माझा तर पूजा पण माझीच. आन् धुवायचं म्हंजे कसं? रॉकेलच्या बोळ्यानं वर्षाचं तेल-काट काढायचं, सोड्याच्या उकळत्या पाण्यात कांड्या, धोटे बुडवायचे, लोखंडाला ताजा हिरवा रंग. त्यात ह्या वर्षी कोर्टाची माणसं यायची. वैनी म्हणली, "मामा, पाव्हणे येणार. जरा जास्तच घासूया." घासलं बाबा! पंधरा वर्षांत घासलं न्हाई एवढं घासलं. भिंतीला पण चुना मारला. माग नव्या नवरीगत चकाकाय लागले.

पल्लवी मॅडम आल्या, पेटीएवढं यंत्र घेऊन. एक माग बघितला, दुसरा बघितला. कांडी उचलली, ठेवली. कपाळावर आठी.

"मामा, हे धुतलंय का?"

"धुतलंय म्हंजे! खंडेनवमी होती न्हवं!" मी छाती फुगवून सांगितलं.

"कशानं?"

"रॉकेल, सोडा. वर रंग."

ती खाली बसली, अक्षरशः. "आणि दर वर्षी असंच?"

"दर वर्षी. अण्णांच्या काळापासनं."

"ताई," ती वैनीला म्हणली, "ह्या शेडमध्ये तुमचा घाम नाहीच. यंत्राच्या हिशोबानं तुम्ही इथं कालच आलात."

वैनी हसली. रडायच्या आधी माणूस हसतं तसं. सरकारी वकील बरोबर होता, त्यानं लगेच लिहून घेतलं. मला वाटलं जमीन फाटावी. ज्या मागाला देव म्हणून घासलं, त्यानंच साक्ष फिरवली.

सगळे गेल्यावर शमीमनं चहा आणला. आम्ही तिघं मागाच्या मधी बसलो. शमीमला असलं गप बसणं सोसत न्हाई. ती म्हणली, "एवढा घाम गाळला बाईनं. गेला कुठं? सतीशनंच सगळा धुवून टाकला म्हणायचा!"

म्हणली आपली चेष्टेनं. पण वैनीचा कप तोंडापाशीच थांबला.

"मामी, परत बोला."

"आगं, मी आपलं..."

"परत बोला."

"सतीशनं धुवून टाकला म्हणलं. पंचे."

वैनीनं कप खाली ठेवला. मग एकदम हळू म्हणली, "ते पंचे धुवून यायचे. पण त्यांना साबणाचा वास कधी आला न्हाई. मला वाटायचं, लई खळखळून धुतोय." आन् माझ्याकडं वळली. "मामा, कळंब्याला जायाचं."

जेलात जाड काच, अलीकडं वैनी, पलीकडं सतीश, मधी फोन. माझ्या हातात पण एक दिला होता. सतीश बारीक झालेला, पण भांग तसाच चापून. बायकोला बघून खुलला.

"कशी हायस? मोजणी झाली?"

"झाली. एक इचारायला आलोय. माझे पंचे कुठल्या साबणानं धुत होता?"

"आं?"

"साबण. कुठला?"

"हे इचारायला आलीस एवढ्या लांब?" तो हसला. "खुळी का काय!"

"सहा वर्षं रोज धुतलेत. नाव सांगा की."

तो इकडं-तिकडं बघाय लागला. "तो न्हवं का... निळा."

"निळा साबण आपल्या घरात कधी आलाच न्हाई," वैनी म्हणली. "मला त्यानं खाज सुटते. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं तुम्हाला."

काचेपलीकडं माणसाचं तोंड कसं उतरतं ते मी बघितलं. पण सतीश सतीशच. काचेला चिकटून बारीक आवाजात बोलाय लागला, एखाद्याला शाबासकी द्यावी तसा. "तुला सांगतो राजश्री, तुझ्यासारखा घाम न्हाई कुणाचा. मी लई जणांचा बघितला. जिमवाल्यांचा नुसता पाणचट. कापसाचा वास असलेला, खरा कामाचा घाम फक्त तुझा. त्या घामावर आपला बंगला उभा ऱ्हायला!"

वैनीनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"आता ऐक. गप ऱ्हा. कागदावर सोडचिठ्ठी घे, मी हरकत न्हाई लिहून दिलंय. सुटून आलो की परत माळ घालू. पण पंच्याचं तोंडातनं काढू नको. तुझा घाम हाय म्हणून कळलं तर सरकार म्हणेल, बायकोनंच दिला. तू पण आत येशील. मागबी जातील, तूबी जाशील."

वैनीनं फोन कानापासनं काढला. मला वाटलं उठली. पण परत लावला.

"एवढ्या वर्षांत तुम्ही माझं एकच काम केलंत," ती म्हणली. "तेपण माझं नव्हतं." आन् फोन जागेवर ठेवला. हळू. आपटला पण न्हाई.

बाहेर येऊन बसस्टॉपवर म्हणली, "मामा, त्या दिवशी वकीलबाईला खरा हाय म्हणले न्हवं, तवा मी खोटं बोलत होते. आता खरं झालं."

हेरवाडे बाईनं सगळं ऐकलं आन् चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचे डोळे मी पयल्यांदाच नीट बघितले.

"जप्त केलेलं ते कापड, सहा वर्षांतल्या प्रत्येक खेपेचं, अजून कोर्टाच्या गोदामात आहे," ती म्हणली. "त्यातला घाम तुमचा निघाला, तर शेडमध्ये जो पुसला गेला तो सगळा तिथं जपून ठेवलेला आहे. पण राजश्रीताई, ही दुधारी तलवार. तुमचा नमुना तुम्ही होऊन दिल्याशिवाय कुणी घेऊ शकत नाही. एकदा दिला की परत मागता येत नाही. जज्जबाईंना वाटलं की तुम्ही जाणूनबुजून दिलात, तर तुम्ही सहआरोपी. माग गुन्ह्याचं हत्यार म्हणून जातील. गप्प राहिलात तर माग जातील, पण तुम्ही बाहेर राहाल."

मी म्हणलं, "वैनी, गप ऱ्हा. माग काय, दुसरीकडं कांड्या भरशील. जेल वाईट."

वैनीनं माझ्याकडं बघितलं. "मामा, मागात एखादा दोरा तुटला तर तुम्ही माग बंद करून दोरा जोडता का, तसंच पुढं विणता?"

"जोडतोच की. न्हाईतर थान वाया."

"मग." आन् वकीलबाईला म्हणली, "घाम माझा हाय. कुणी इचारलं तर माझाच म्हणणार. कुठं सही करायची?"

कोल्हापूरच्या कोर्टात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी गल्ली आलेली. शमीम डबा घेऊन आली होती, जणू जत्रा. एका बाजूला हातमाग सोसायटीचे म्हातारे विणकर, गप बसलेले. त्यांच्याकडं बघून मला लाज वाटली, चोरी मी केली नव्हती तरी.

पल्लवी मॅडम उभ्या ऱ्हायल्या. म्हणल्या, "जप्त कापडातला घाम राजश्री डाके यांचाच आहे. शंका नाही."

कोर्टात कुजबुज. सरकारी वकील खुर्चीतनं अर्धा उठला.

"मात्र," मॅडम म्हणल्या, "तो फवारलेला आहे. त्या कापडाला त्यांचा हात कुठंच लागलेला नाही. आणि त्या घामात कच्च्या सुताची फूस आहे, आणि जुन्या यंत्रमागाचं तेल आहे. त्या तेलात एरंडेलाचा अंश आहे."

जज्जबाईंनी इचारलं, "एरंडेल कुठून आलं?"

मी मागनंच हात वर केला. "माझं हाय ते, बाईसाहेब. जुना माग नुसत्या तेलानं कुरकुरतो. मी थोडं एरंडेल घालतो. मला बी आन् मागाला बी."

लोक हसले. जज्जबाई हसल्या न्हाईत, पण लिहिताना ओठ जरा हलले.

"म्हणजे घाम याच शेडमध्ये, याच मागांवर काम करताना गळलेला," हेरवाडे बाई म्हणली. "आणि वयसुद्धा सांगा."

"सलग सहा वर्षं. जुन्यापासून ताज्यापर्यंत. मधे मोठा खंड कुठंच नाही."

कष्ट शाबीत झाले. पण तलवारीची दुसरी धार बाकी होती. सरकारी वकील वैनीकडं वळला. माणूस तरुण, इस्त्री कडक.

"रोज पंचा देत होतात. सहा वर्षं. आणि एकदाही विचारलं नाहीत, हे कुठं नेता म्हणून?"

"साहेब," वैनी म्हणली, "तुमचे कपडे घरी कोण धुतं?"

"प्रश्न मी विचारतोय."

"उत्तर द्या," जज्जबाई म्हणल्या. "मलाही ऐकायचंय."

"...पत्नी."

"तुम्ही कधी इचारलं, कुठं न्हेतेस म्हणून?"

हसणं थांबवायला शिपायाला ओरडावं लागलं. पण वकील हुशार होता. लाल झाला तरी सुटला न्हाई. त्यानं सतीशला पडद्यावर आणायला लावलं, जेलातनं. भला मोठा सतीश भिंतीवर दिसाय लागला. त्याच्या एका शब्दावर सगळं होतं. तो म्हणला असता तिला ठाऊक होतं, तर वैनी तिथनंच आत. आन् कळंब्यात वैनीनं फोन ठेवला तवापासनं सतीश तिच्यावर खार खाऊन होता, हे मला कळत होतं. शमीमनं माझा हात धरला.

सरकारी वकिलानं गळ टाकला. "सतीशराव, मला असं दिसतंय की तुमच्या पत्नी फार हुशार आहेत. घाम त्यांचा. माग त्या चालवत होत्या. ही युक्ती त्यांच्याच डोक्यातून आलेली, बरोबर? तुम्ही फक्त पोचवायचं काम करत होतात."

सतीशचं तोंड बघण्यासारखं झालं. डोकं वर केलं, भांग सारखा केला.

"तिच्या डोक्यातनं?" तो म्हणला. "तिला काय कळतंय ह्यातलं? सगळी अक्कल माझी! कुठलं केमिकल, किती पाणी, कसा फवारा, सहा वर्षं कुणाच्या बापाला कळलं न्हाई! तिला फक्त पंचा धुतो म्हणायचो. तेवढ्यावर खूश व्हायची ती!"



वकिलानं डोळे मिटले. सतीशला कळलं आपण काय बोललो ते, पण पडद्यावरनं शब्द काय माघारी घेता येत न्हाई. मी वैनीकडं बघितलं. ती जिंकली होती, आन् तिच्या तोंडावर कुणीतरी थोबाडीत मारल्याचा वळ होता. पण मान ताठ. पदर सारखा करून ती सोसायटीच्या म्हाताऱ्यांकडं वळली आन् त्यांना नमस्कार केला. कोर्टाला न्हाई, त्यांना.

निकाल लागला. जज्जबाईंनी लिहिलं, नवरा जेलात हाय हे घटस्फोटाचं कारण न्हाई. बायकोच्या कष्टाची मायेच्या आडून चोरी केली, ती क्रूरता, ते कारण. घटस्फोट दिला. आठ माग आन् त्यांच्याखालची जागा वैनीची. बंगला, गाडी, बाकी सगळं सोसायटीला. वैनी म्हणली, "बरोबर हाय. ते त्यांचंच." सतीशवर नवीन केस लागली, ती अजून चालू हाय.

गल्लीत आता एक नवीनच टूम निघालीय. नवऱ्यानं चुकून बायकोच्या कपड्याला हात लावला, की ती इचारते, "साबण कुठला?" मी परवा शमीमचा रुमाल उचलला. नुसता वाटेतनं बाजूला ठेवायला. तिनं चुलीपुढनंच आवाज दिला. मी ठेवून दिला बाबा.

ह्या वर्षी परत खंडेनवमी आली. आदल्या दिवशी हेरवाडे बाईचा फोन: "दस्तगीरमामा, तिला सांगा, माग धुवू नका. पुढंमागं काही झालं तर पुरावा राहू दे." मला पटलं. मी रॉकेलचा डबा कोपऱ्यात सरकवला आन् वैनीला सांगितलं, नुसता हार घालू, नारळ फोडू.

वैनीनं कमरेला पदर खोचला. डबा ओढून आणला, बोळा भिजवला आन् पहिल्या मागाच्या अंगावर टेकवला.

"घासा मामा," ती म्हणली. "घाम काय संपलाय व्हय माझा?"

घासला. मागल्या वर्षीपेक्षा जास्त घासला. दोरीवर तिचा पंचा वाळत होता, तिनंच धुतलेला, आन् त्याला पिवळ्या साबणाचा असा खमंग वास येत होता की रॉकेलात सुद्धा लपला न्हाई.